मोटारगाडीचे एंजिन : जुळणी व शक्तिवर्धन

मोटारगाडीच्या एंजिनातील इंधनपुरवठा, प्रज्वलन, झडपा इ. यंत्रणांचे परस्परप्रमाण व कालमेळ तपासून ते इष्ट स्थितीत आणणे, यास एंजिनाची जुळणी म्हणतात. तर मूळ रचनेत फेरबदल करून त्याच एंजिनापासून अधिक शक्ती मिळविणे, यास शक्तिवर्धन म्हणतात. कार्यशाळांत या दोन्ही क्रियांना ‘ट्यूनिंग’ हा एकच शब्द सरसकट वापरला जात असला, तरी त्यांत महत्त्वाचा फरक आहे. जुळणीने एंजिनाने गमावलेली शक्ती परत मिळते. शक्तिवर्धनात उत्पादकाने आखलेली मर्यादा ओलांडली जाते. ही मर्यादा उत्पादकाने सहसा अज्ञानापोटी आखलेली नसते. उपलब्ध इंधनाचा दर्जा, हवामान, अपेक्षित आयुर्मान, किंमत व निष्कास वायूंविषयीचे नियम या सर्वांचा मेळ घालून ती ठरविलेली असते. म्हणून शक्तिवर्धनातील प्रत्येक लाभाची किंमत अन्यत्र, म्हणजे इंधनखर्चात, एंजिनाच्या आयुष्यात, मंद गतीच्या वर्तनात, धुरात किंवा सुरक्षिततेत मोजावी लागते. ही किंमत कोठे व किती पडते, ते ओळखणे हा या विषयाचा गाभा होय.

तत्त्व : अंतर्ज्वलन-एंजिन हे मूलतः हवेवर चालणारे यंत्र आहे [→ अंतर्ज्वलन-एंजिन]. सिलिंडरात इंधन जास्त घालणे सोपे असते. ते जाळण्यास लागणारी हवा आत घेणे अवघड असते. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते. त्यामुळे दर मिनिटास एंजिन किती हवा आत घेते, यावर त्याच्या शक्तीची कमाल मर्यादा ठरते. शक्ती वाढविण्याचे मार्ग तीनच आहेत : (१) प्रत्येक धावेत सिलिंडरात अधिक हवा भरणे, (२) मिळालेल्या उष्णतेचे अधिक चांगल्या प्रकारे कार्यात रूपांतर करणे आणि (३) दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांची संख्या वाढविणे. पुढे वर्णिलेले सर्व उपाय यांपैकी कोणत्या ना कोणत्या मार्गात मोडतात.

भुजादंडास पीळ देणाऱ्या परिबलास टॉर्क म्हणतात. टॉर्क व भुजादंडाचा कोनीय वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. चढावर भार ओढताना मंद फेऱ्यांवरील टॉर्क उपयोगी पडतो, तर कमाल वेग गाठताना शक्ती महत्त्वाची ठरते. एकाच आकारमानाच्या एंजिनात या दोहोंपैकी एकास झुकते माप दिले की, दुसरे बहुधा कमी होते.

उदाहरणादाखल भारतात दीर्घकाळ परिचित असलेल्या फियाट ११०० या गाडीचे एंजिन घेता येईल. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० गाड्या तयार होऊ लागल्या. तिचीच सुधारित आवृत्ती १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली व २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील टॅक्सीसेवेतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनात सिलिंडराचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याची धाव ७५ मिमी. व एकूण विस्थापन १,०८९ घ. सेंमी. होते. दर मिनिटास ४,८०० फेऱ्यांना ते सु. ४० अश्वशक्ती देई. या वेगाला असे चार धावांचे एंजिन तत्त्वतः दर मिनिटास सु. २,६०० लि. हवा ओढू शकेल. परंतु गाळणी, कार्बोरेटर, वळणदार नळ्या व झडपा यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात याच्या चार-पंचमांशाच्या आसपासच हवा आत जाते. हे प्रमाण म्हणजे एंजिनाची भरणक्षमता होय.

इतिहास : निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन यशस्वी केले, तेव्हा त्याचे संपीडन गुणोत्तर ३ पेक्षाही कमी होते. शक्तिवर्धनाच्या बहुतेक कल्पना मोटारशर्यतींतून पुढे आल्या. १९१२ सालच्या प्यूजो शर्यती गाडीत प्रत्येक सिलिंडरास चार झडपा व माथ्यावर दोन कॅमदंड ही रचना होती. आज ती साध्या कौटुंबिक गाड्यांतही आढळते. निष्कास वायूंच्या ऊर्जेवर चालणाऱ्या अतिभरकाचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये मिळविले. ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी ठोक्याच्या कारणांचा पद्धतशीर अभ्यास केला. अमेरिकेत टॉमस मिजली यांना १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या संयुगाच्या ठोकारोधक गुणाचा शोध लागला. त्यामुळे संपीडन गुणोत्तर वाढविणे शक्य झाले. परंतु शिशाची विषारी संयुगे जगभरच्या हवेत मिसळली आणि पुढे अशा पेट्रोलावर बंदी आली. भारतात शिसेरहित पेट्रोल १९९५ पासून महानगरांत व २००० मध्ये देशभर उपलब्ध झाले.

तयार गाड्यांच्या शक्तिवर्धनाचा स्वतंत्र व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला. कार्लो आबार्त यांनी १९४९ मध्ये इटलीत स्थापन केलेली कंपनी प्रामुख्याने फियाट गाड्यांवर काम करी. फियाट कंपनीने स्वतःही १९५३ मध्ये ११०० गाडीची वेगवान आवृत्ती काढली. १,०८९ घ. सेंमी. विस्थापन तेच ठेवून, दुनळी कार्बोरेटर व वाढीव संपीडन यांच्या साहाय्याने मूळच्या ३६ अश्वशक्तीच्या जागी सु. ५० अश्वशक्ती मिळविली. ब्रिटनमधील मिनी कूपर (१९६१) या गाडीत विस्थापन ८४८ वरून ९९७ घ. सेंमी. आणि शक्ती ३४ वरून ५५ अश्वशक्ती झाली. त्याच वेळी तिच्या पुढच्या चाकांना तबकडी ब्रेक बसविण्यात आले. शक्तीबरोबर गाडी थांबविण्याची क्षमताही वाढविली पाहिजे, हे तत्त्व या उदाहरणात स्पष्ट दिसते.

जुळणी : कोणत्याही शक्तिवर्धनाची पहिली पायरी म्हणजे एंजिन मूळ स्थितीत आणणे. प्रथम प्रत्येक सिलिंडराचा संपीडनदाब मोजतात. चार सिलिंडरांच्या दाबांत लक्षणीय तफावत असल्यास कडी, झडपांची बैठक किंवा माथ्याखालील गॅस्केट यांत दोष असतो. तो दूर केल्यावाचून पुढील खर्च व्यर्थ जातो. त्यानंतर झडपांची फट (कारागिरांच्या भाषेत टॅपेट), ठिणगी-गुडदीच्या टोकांतील अंतर, प्रज्वलनाचा क्षण, कार्बोरेटरातील इंधनछिद्रे, हवेची गाळणी व शीतनव्यवस्था यांची तपासणी होते.

प्रज्वलनाचा क्षण विशेष महत्त्वाचा असतो. मिश्रण क्षणार्धात जळत नाही. ज्योत ठिणगीपासून कडेपर्यंत पसरण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. ४,८०० फेऱ्यांना एका सहस्रांश सेकंदात भुजादंड सु. २९ अंश फिरतो. म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते व वेग वाढेल तशी ती आणखी अगोदर पाडावी लागते. ठिणगी उशिरा पडल्यास उष्णता निष्कासात वाया जाते व एंजिन तापते. फार लवकर पडल्यास वर येणाऱ्या दट्ट्यावर विरुद्ध दाब पडतो व ठोका सुरू होतो. वापरलेल्या गाडीत केवळ नेटकी जुळणी केल्याने चालकास जाणवेल इतका फरक पडतो, आणि या लाभासाठी एंजिनाच्या आयुष्याची किंमत द्यावी लागत नाही.

हवा, उंची व तापमान : एंजिनाची घोषित शक्ती प्रमाणित हवेतील असते. प्रत्यक्षात ती स्थानानुसार बदलते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव दख्खनच्या पठारावर आहे. या भागाची समुद्रसपाटीपासूनची उंची ५०० मी. धरल्यास तेथील हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सु. ६ टक्क्यांनी कमी भरतो. चैत्र-वैशाखात दुपारचे तापमान ४०° से. पर्यंत चढते, तेव्हा २५° से. तापमानाच्या तुलनेत हवेची घनता आणखी सु. ५ टक्क्यांनी घटते. दोन्ही परिणाम मिळून समान घनफळातील हवेचे वजन सु. १० टक्क्यांनी कमी होते आणि साध्या एंजिनाची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते. मुंबईत ४० अश्वशक्ती देणारे एंजिन येथे उन्हाळ्यात ३६ च्या आसपास शक्ती देईल. हा एंजिनाचा दोष नव्हे व कोणत्याही जुळणीने तो पूर्ण भरून निघत नाही. मात्र, हवा विरळ असताना जुना कार्बोरेटर तेवढेच पेट्रोल सोडू पाहतो व मिश्रण गडद होते. हा दोष छिद्र बदलून सुधारता येतो. हवेची गाळणी एंजिनाजवळच्या तप्त हवेऐवजी पुढील जाळीजवळची थंड हवा घेईल अशी व्यवस्था करणे, हा उष्ण प्रदेशातील सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय होय.

श्वसनक्षमतेतील वाढ : हवेचा मार्ग मोकळा करण्यासाठी कार्बोरेटर मोठा अथवा दुहेरी बसवितात, अंतर्ग्रहण व निष्कास मार्गांचे खडबडीत पृष्ठभाग घासून त्यांची वळणे सौम्य करतात, झडपा मोठ्या करतात आणि प्रत्येक सिलिंडराची निष्कास नळी ठराविक लांबीपर्यंत स्वतंत्र ठेवतात. अशा नळीतील दाबतरंगांमुळे सिलिंडरातील जळालेले वायू बाहेर ओढले जाण्यास मदत होते. परंतु नळीची लांबी विशिष्ट वेगालाच अनुकूल असते. केवळ शांतक काढून टाकल्याने आवाज वाढतो. शक्ती वाढतेच असे नाही.

कॅमदंड बदलणे हा सर्वांत परिणामकारक व सर्वांत फसवा उपाय आहे. झडपा अधिक काळ उघड्या ठेवणाऱ्या कॅममुळे उच्च वेगाला भरण सुधारते. तथापि, अशा कॅममध्ये अंतर्ग्रहण व निष्कास या दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा कालखंडही वाढतो. त्यामुळे मंद वेगात जळालेले वायू मागे फिरतात, काही न जळालेले मिश्रण निष्कासात निघून जाते, एंजिन आचके देते व टॉर्क घटतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव या मार्गाने पंढरपुरास जाते, तेव्हा तिच्यामागील वाहने तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने सरकतात. शर्यतीच्या कॅमदंडाचे एंजिन अशा वापरास सर्वथा अयोग्य ठरते. गाडीचा बहुतांश वापर कोणत्या वेगाने होतो, याचे उत्तर मिळाल्याखेरीज कॅमदंड निवडणे म्हणजे मापे न घेता कापड बेतण्यासारखे आहे.

विस्थापन वाढविणे : सिलिंडर कातून मोठ्या मापाचे दट्टे बसविणे ही दुरुस्तीतील नेहमीची क्रिया आहे. वरील उदाहरणात व्यास ६८ ऐवजी ६९ मिमी. केल्यास विस्थापन १,०८९ वरून सु. १,१२२ घ. सेंमी. होते, म्हणजे वाढ केवळ ३ टक्के मिळते. सिलिंडराची भिंत मात्र पातळ होते व पुढील दुरुस्तीस वाव कमी राहतो.

संपीडन गुणोत्तर व इंधन : दट्ट्या खालच्या टोकास असतानाचे सिलिंडरातील घनफळ व तो वरच्या टोकास असतानाचे घनफळ यांचे गुणोत्तर म्हणजे संपीडन गुणोत्तर. हे जितके जास्त, तितके उष्णतेचे कार्यात रूपांतर अधिक होते. आदर्श चक्रात ७.३ या गुणोत्तरास सैद्धांतिक कार्यक्षमता सु. ५५ टक्के, तर १० या गुणोत्तरास सु. ६० टक्के येते. प्रत्यक्षातील आकडे याच्या निम्म्याच्या आसपास असले, तरी वाढीचे प्रमाण साधारण तेच राहते. शक्ती वाढत असता इंधनखर्च कमी होतो, असा हा जवळजवळ एकमेव उपाय आहे.

पद्मिनीचे संपीडन गुणोत्तर सु. ७.३ होते. त्या काळातील कमी ऑक्टेन अंकाच्या पेट्रोलास ते साजेसे होते. ते ८.५ करावयाचे झाल्यास प्रत्येक सिलिंडरातील ज्वलनकोठीचे घनफळ सु. ४३ घ. सेंमी. वरून ३६ घ. सेंमी. वर आणावे लागेल. त्यासाठी माथ्याचा तळ सु. २ मिमी. घासावा लागेल. कागदावर सोपी वाटणारी ही क्रिया करताना झडपा व दट्टे यांतील अंतर, झडपा चालविणाऱ्या दांड्यांची लांबी व माथ्याची मजबुती तपासणे अनिवार्य असते.

या उपायाची मर्यादा ठोक्याने ठरते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे आपोआप पेटले, तर दाबाचा तडाखा बसून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. असा ठोका चालू राहिल्यास दट्ट्याचा माथा खचतो किंवा वितळतो आणि कड्या तुटतात. इंधनाची ठोका टाळण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने दाखवितात. अधिक ऑक्टेन अंकाच्या इंधनात अधिक ऊर्जा असते, हा समज चुकीचा आहे. ठोका होत नसलेल्या साध्या एंजिनात महागडे उच्च ऑक्टेन पेट्रोल घातल्याने काहीही साधत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : या बाबतीत महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यास विशेष स्थान आहे. वेळापूरच्या परिसरातील अकलूज, माळीनगर व श्रीपूर ही साखर कारखानदारीची जुनी केंद्रे आहेत. उसाच्या रसापासून व मळीपासून मिळणारे इथेनॉल पेट्रोलात मिसळण्याची कल्पनाही जुनी आहे; त्यासाठी भारतात १९४८ मध्येच कायदा झाला होता. मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात सुरू झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण लागू करण्यात आले. देशातील सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांपर्यंत व २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले.

जुळणीच्या दृष्टीने इथेनॉल हे दुधारी द्रव्य आहे. त्याचा ऑक्टेन अंक सु. १०८ असून त्याच्या बाष्पीभवनास पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड होते व ठोक्याची प्रवृत्ती घटते. या इंधनासाठीच आखलेल्या एंजिनात संपीडन गुणोत्तर वाढवून याचा लाभ घेता येतो. दुसऱ्या बाजूस, १ लि. इथेनॉलातील ऊर्जा पेट्रोलापेक्षा सु. एक-तृतीयांशाने कमी असते. शिवाय त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ते जाळण्यास हवा कमी लागते. जुन्या कार्बोरेटराची छिद्रे न बदलता २० टक्के मिश्रण वापरल्यास, इंधनाच्या मानाने हवा सु. ७ टक्क्यांनी जास्त होते. असे विरळ मिश्रण अडखळत जळते व निष्कास झडपा तापवते. इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व गॅस्केटे खराब करते. यास्तव जुन्या गाडीच्या मालकास शक्तिवर्धनाचा विचार करण्यापूर्वी इंधननळ्या बदलणे, छिद्रे किंचित मोठी करणे व प्रज्वलन पुन्हा जुळविणे आवश्यक ठरते. मूळ साध्या पेट्रोलासाठी आखलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या चारचाकी गाड्यांत २० टक्के मिश्रणामुळे इंधनकार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज निती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या २०२१ च्या अहवालात दिला होता. २० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्केच अपेक्षित होती. एकच इंधन जुळणीप्रमाणे लाभदायक वा हानिकारक ठरते, ते असे.

अतिभरण : वातावरणाच्या दाबावर विसंबून न राहता संपीडकाने हवा दाबून सिलिंडरात भरणे म्हणजे अतिभरण होय. संपीडक भुजादंडाने किंवा निष्कास वायूंवर फिरणाऱ्या टरबाइनाने चालवितात. दुसऱ्या प्रकारास टर्बोचार्जर म्हणतात. ४०° से. तापमानाची हवा दीडपट दाबापर्यंत दाबली असता ती ९०° से. च्या आसपास तापते. तशीच ती आत घेतल्यास घनता दीडपट न होता सु. १.३ पटच होते व ठोक्याचा धोकाही वाढतो. मध्ये शीतक बसवून तीच हवा ६०° से. पर्यंत थंड केल्यास घनता सु. १.४ पट होते. म्हणून शीतकाविना केलेले अतिभरण अर्धवट समजले जाते.

अतिभरणाचे सामर्थ्य पुढील तुलनेवरून लक्षात येईल. पद्मिनीचे १,०८९ घ. सेंमी. एंजिन ४० अश्वशक्ती देई. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे २०२१ पासून तयार होत असलेल्या फोक्सवॅगन टायगुन या गाडीचे तीन सिलिंडरांचे ९९९ घ. सेंमी. एंजिन ११५ अश्वशक्ती देते. हा फरक केवळ टर्बोचार्जरामुळे पडत नाही. सिलिंडरात थेट होणारे इंधनाचे अंतःक्षेपण, चार झडपा, अचूक इलेक्ट्रॉनीय नियंत्रण व सुधारित धातू यांचाही त्यात वाटा आहे. जुन्या एंजिनावर नुसता टर्बोचार्जर चढविल्याने हा परिणाम साधत नाही. बहुधा माथ्याचे गॅस्केट किंवा दट्टे निकामी होतात.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण : आधुनिक एंजिनात प्रज्वलनाचा क्षण, इंधनाचे प्रमाण व टर्बोचार्जराचा दाब संगणकीय नियंत्रकाच्या स्मृतीतील कोष्टकांवरून ठरतात. ही कोष्टके बदलून शक्ती वाढविणे हा आजचा सर्वाधिक प्रचलित प्रकार आहे. टर्बोचार्जर असलेल्या डीझेल एंजिनात यामुळे फार थोड्या श्रमात मोठी वाढ दिसते, कारण दाब व इंधन वाढविणे केवळ आकडे बदलण्याइतके सोपे झालेले असते.

उत्पादक हेच काम कसे करतो, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे बनलेल्या फियाटच्या १,२४८ घ. सेंमी. डीझेल एंजिनात आढळते. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत स्थिर रचनेचा, तर ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत पात्यांचे कोन बदलणारा टर्बोचार्जर होता. शक्तीत २० टक्के वाढ करताना उत्पादकास टर्बोचार्जरच वेगळा निवडावा लागला. केवळ आकडे बदलून तेवढीच वाढ मिळविणारा कारागीर यंत्रभागांत राखून ठेवलेला सुरक्षिततेचा वाव खर्ची घालीत असतो. डीझेल एंजिनात इंधन हवेच्या मानाने जास्त झाल्यास काळा धूर निघतो, निष्कास वायूंचे तापमान वाढते व टरबाइनाची पाती धोक्यात येतात.

इतर भागांवरील परिणाम : फेरे वाढविल्यास दट्टे व संयोगदांडे यांवरील जडत्वप्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४,८०० ऐवजी ६,००० फेऱ्यांस, म्हणजे वेग २५ टक्क्यांनी वाढला असता, ही प्रेरणा सु. ५६ टक्क्यांनी वाढते. दट्ट्याचा सरासरी वेग वरील एंजिनात सेकंदास १२ वरून १५ मी. होतो. त्यासाठी संयोगदांड्यांचे वजन समान करणे, भुजादंडाचे संतुलन करणे, झडपांच्या कमानी ताठ बसविणे व तेलाचा दाब वाढविणे आवश्यक असते.

हाच वर्गाचा नियम गाडीच्या गतिज ऊर्जेलाही लागू आहे. ताशी ८० ऐवजी १०० किमी. वेगाने जाणारी गाडी थांबविताना ब्रेकांना ५६ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. आळंदी–पंढरपूर पालखी मार्गासारखे रुंद रस्ते झाल्यावर जुन्या गाडीला वेग देणे सोपे झाले आहे. पण तिचे ढोल ब्रेक, अरुंद टायर व सुकाणू यंत्रणा जुन्याच वेगांसाठी आखलेल्या असतात. या रस्त्यांवर पायी वारकरी, उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याही असतात. म्हणून जाणकार कारागीर कामाचा क्रम उलटा ठेवतात : प्रथम ब्रेक व टायर, नंतर शीतन व वंगण, त्यानंतर क्लच व गिअरपेटी आणि शेवटी एंजिन.

मापन व चाचणी : शक्तिवर्धनाचे यश कानाने वा अनुभवाने ठरवू नये. गाडीची चाके रुळांवर फिरवून शक्तिमापकाने निरनिराळ्या वेगांना टॉर्क मोजतात व बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या आलेखांची तुलना करतात. दोन्ही चाचण्या समान तापमानास व दाबास झाल्या नसतील, तर फलितांत सुधारणा-गुणक वापरावा लागतो. अन्यथा थंड सकाळ व तप्त दुपार यांतील नैसर्गिक फरकच कारागिराच्या कौशल्याचे फळ भासतो. मिश्रणाचे प्रमाण निष्कासातील ऑक्सिजन-संवेदकाने समजते. भारतातील वाहने व एंजिने यांच्या प्रमाणित चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख आहे. संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे.

निष्कास वायू व कायदा : उत्प्रेरकी परिवर्तक पेट्रोल एंजिनातील कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांचे अपायकारकत्व घालवितो, मात्र हवा व इंधन रासायनिक दृष्ट्या अचूक प्रमाणात असतील, तरच तो या तिन्हींवर काम करतो. शक्तीसाठी मिश्रण गडद केल्यास तो निष्प्रभ होतो. तो काढून टाकल्यास विषारी वायू थेट रस्त्यावरील माणसांच्या श्वासात जातात. डीझेल गाडीतील काजळी-गाळणी काढण्याचा परिणामही तसाच घातक असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकांची पूर्तता करणारी गाडी असे फेरफार केल्यावर त्या मानकांत बसत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूलतः विनिर्दिष्ट केलेल्या व नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. २०१९ च्या सुधारणेने अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही अशी तरतूद केली. मान्यताप्राप्त संचाने वायुइंधनावर रूपांतर करणे किंवा पूर्वपरवानगीने एंजिन बदलणे या बाबी विहित अटींवर चालतात. नियमित जुळणी व मूळ मापाच्या भागांनी केलेली दुरुस्ती यांना कोणतीही आडकाठी नाही.

शर्यतींसाठीचे शक्तिवर्धन हे वेगळे क्षेत्र आहे. चेन्नईजवळील शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत फेरफार केलेल्या फियाट गाड्या दीर्घकाळ धावत असत. १९९० पासून इरुंगट्टुकोट्टै येथील खास मार्गावर शर्यती होऊ लागल्या. बंदिस्त मार्गावर, ठरविलेल्या वर्गवारीत व सुरक्षा-नियमांखाली चालविल्या जाणाऱ्या या गाड्यांकडून दीर्घ आयुष्याची अपेक्षा नसते. काही शर्यतींनंतर एंजिन उघडून भाग बदलणे तेथे गृहीत धरलेले असते. रस्त्यावरील गाडीच्या मालकास ही मुभा नसते. उष्ण हवेत, इथेनॉलमिश्रित पेट्रोलावर व मिश्र रहदारीत वर्षानुवर्षे चालावयाच्या गाडीस काटेकोर जुळणी, थंड हवेचा पुरवठा, निर्दोष शीतन व सुस्थितीतील ब्रेक यांपासून मिळणारा लाभ अल्प दिसला तरी टिकाऊ असतो. त्यापलीकडील शक्ती हवी असल्यास, ती मुळातच तशी आखलेल्या एंजिनाची गाडी घेणे हा बहुधा अधिक स्वस्त, कायदेशीर व सुरक्षित मार्ग ठरतो.